बेसच्या कॅबिनेटमधली भणभण शोधायची कशी

बेस गिटारच्या ई तारेवरचा तिसऱ्या फ्रेटचा जी वाजवला की कॅबिनेट, म्हणजे स्पीकरचं खोकं, भणभणतं. आधीचा एफ शार्प स्वच्छ, पुढचा जी शार्प स्वच्छ, जी मात्र दर वेळी खराब. पहिला संशय जातो स्पीकरवर, आणि तिथूनच पैसे वाया जायला लागतात. स्पीकर काढून रीकोनिंगला, म्हणजे कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) नवा बसवायला, दिला जातो, परत येतो, बसवला जातो, आणि जी पुन्हा भणभणतो. दोष हँडलच्या एका सैल स्क्रूत होता.

म्हणून इथे दिलेला क्रम असा आहे: फुकटात तपासता येईल ते आधी, स्क्रू काढावे लागतील ते नंतर आणि स्पीकरचा कोन सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि भणभण गेली, तर नेमकी कशाने गेली ते कळत नाही, आणि ती परत येते तेव्हा सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

एकाच सुरावर का येते?

सारंगीच्या तरफेच्या तारा कोणी छेडत नाही, तरी त्यांचा सूर लागला की त्या बोलतात. कॅबिनेटमधली प्रत्येक सैल वस्तू अशीच तरफेची तार असते. जाळीची वारंवारता वेगळी, मागच्या फळीची वेगळी, आतल्या लोंबत्या वायरची वेगळी. बेसने नेमकी ती वारंवारता दिली की ती वस्तू थरथरते आणि शेजारच्या कडक पृष्ठभागावर आपटत राहते. तंबोऱ्याला जी जवारी सूत घालून मुद्दाम काढावी लागते, ती इथे नको तिथे आपोआप लागलेली असते.

थोडे आकडे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडतील. मोकळी ई तार ४१ हर्ट्झ, ए ५५, डी ७३, जी ९८. पाच तारांच्या बेसची बी सुमारे ३१. ई तारेवरचा तिसऱ्या फ्रेटचा जी ४९ हर्ट्झ. पण तार कधीच एकटी वारंवारता देत नाही. ४९ सोबत ९८, १४७, १९६ हे वरचे सूरही निघतात, आणि बेसमध्ये ते चांगले जोरकस असतात. म्हणून ‘जी भणभणतो’ याचा अर्थ ४९ हर्ट्झलाच काहीतरी हलतंय असा होत नाही. मोकळी जी तार वाजवून पाहा. भणभण तिच्यावर जास्त असेल तर दोष ९८ किंवा त्याच्या वर आहे. जी तारेच्या सातव्या फ्रेटवरच्या डीवर आणखी जास्त असेल तर १४७ च्या आसपास. साधारणपणे मोठ्या फळ्या खालच्या वारंवारतेला हलतात, पत्रे, पट्ट्या आणि वायरी वरच्या. यावरून शोधाची दिशा ठरते, पण तेवढ्यावर निकाल देऊ नका.

आधी आवाजाला नाव द्या

मराठीत या आवाजांना इतके नेमके शब्द आहेत की निम्मं निदान तिथेच होतं. ‘बझ येतोय’ म्हणून थांबू नका. नीट ऐका.

काहीच न वाजवता सतत गुणगुण येत असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. कॅबिनेटला स्वतःचा वीजपुरवठा नसतो, त्यामुळे ते स्वतःहून गुणगुणू शकत नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ही गुणगुण ५० किंवा १०० हर्ट्झची असते, म्हणजे जवळजवळ जीच. म्हणूनच नवख्यांचा घोटाळा होतो. बेसचा व्हॉल्यूम शून्य करा, मग ॲम्पमधून गिटारची केबल काढा. तरीही गुणगुण राहिली तर ॲम्प किंवा वीज. तारांना हात लावल्यावर गेली तर बेसचं शिल्डिंग किंवा अर्थिंग. त्यावर उपाय म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढणारे लोक भेटतील. ते कधीही करू नका, त्यात जीव जातो.

खडखड म्हणजे दोन कडक गोष्टी आपटतायत: हँडल, चाक, कोपऱ्याचा पत्रा, खोक्यात पडलेला नट. झणझण म्हणजे पत्र्याची जाळी, किंवा तिच्यावरचा कंपनीचा बिल्ला. खरखर, म्हणजे कागदावर कागद घासल्यासारखा आवाज, तोही हळू आवाजात आणि जवळजवळ प्रत्येक सुरावर, हे व्हॉइस कॉइल, म्हणजे कोनला हलवणारी तारेची गुंडाळी, घासत असल्याचं लक्षण. जोरात वाजवलेल्या खालच्या सुरांवर ठक् असा एकच ठोका येत असेल तर कॉइल मागच्या प्लेटवर आपटतेय. फुसफुस किंवा फरफर असेल तर हवा कुठून तरी निसटतेय. आवाज तुटत, चरचरत असेल तर आधी केबल आणि जॅक पाहा.

पायरी १: दोष कॅबिनेटमध्येच आहे का?

बेस ॲम्पला न जोडता तो सूर जोरात वाजवा आणि कान बेसच्या लाकडाला लावा. तार फ्रेटवर घासत असेल तर तिथेच ऐकू येईल. ब्रिजवरच्या सॅडलचे छोटे स्क्रू, ट्यूनिंगच्या खुंट्यांचे नट, पिकअपखालची स्प्रिंग, हे सगळं वाजतं. ॲक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरीवरचं सर्किट असलेला, बेस असेल तर ९ व्होल्टची बॅटरी मोजा. ती ७ व्होल्टपर्यंत उतरली असेल तर बदला. उतरलेल्या बॅटरीचा फाटका आवाज हुबेहूब फाटक्या स्पीकरसारखा येतो.

मग ॲम्पला हेडफोन लावा. हेडफोनमध्येही भणभण असेल तर कॅबिनेट निर्दोष आहे. हेडफोनमध्ये नसेल तर स्पीकरची केबल बदला. इथे एक सर्रास होणारी चूक: गिटारची केबल स्पीकरला लावणं. दोन्हींना सारखाच जॅक असतो, पण गिटारच्या केबलची आतली तार बारीक असते. ती तापते आणि ॲम्पवर नसता भार येतो. स्पीकरला जाड, दोन सारख्या वायरींची केबलच हवी. जॅकऐवजी स्पीकॉन कनेक्टर असेल तर तो फिरवून खटका बसेपर्यंत लॉक झालाय ना ते पाहा, अर्धवट लागलेला स्पीकॉन चरचरतो.

शक्य असेल तर याच ॲम्पला दुसरं कॅबिनेट आणि या कॅबिनेटला दुसरा ॲम्प लावून पाहा. केबल बदलताना ॲम्प बंद ठेवा. व्हॉल्व्हचा ॲम्प असेल तर तो स्पीकरशिवाय क्षणभरही चालू ठेवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

आता खोली. भणभणणारी वस्तू कॅबिनेटबाहेर असण्याची शक्यता तुम्हाला वाटते त्यापेक्षा खूप जास्त आहे. खिडकीची काच, ट्यूबलाइटची पट्टी, लोखंडी कपाटाचं दार, मांडणीवरची स्टीलची भांडी, शेजारच्या ड्रमचा स्नेअर. स्नेअरच्या खालच्या तारा तर बेसच्या अर्ध्या सुरांवर झणझणतात, सराव करताना त्यांचा खटका सोडून ठेवा. कॅबिनेट खोलीच्या मध्यभागी ओढा, नाहीतर सरळ गच्चीवर किंवा अंगणात न्या. तिथे भणभण नसेल तर स्क्रूड्रायव्हर परत पिशवीत टाका.

आणि ॲम्पचं हेड, म्हणजे स्पीकर नसलेला सुटा ॲम्प, कॅबिनेटवर ठेवलेलं असेल तर ते उचलून बाजूच्या खुर्चीवर ठेवा. हेडचे रबरी पाय झिजलेले असतात, वरचा पत्रा सैल असतो, व्हॉल्व्ह सॉकेटमध्ये डुलत असतात. कॅबिनेटच्या नावावर खपणारी निम्मी भणभण याच एका कृतीने सापडते.

पायरी २: हातांना मोकळं करा

बेस वाजवत असताना दोष शोधता येत नाही, दोन्ही हात अडकलेले असतात आणि तारेचा सूर दोन सेकंदांत विरतो. एकसारखा सूर देणारं काहीतरी हवं. फोनवर टोन जनरेटरचं कुठलंही ॲप चालेल, साइन वेव्ह देणारं आणि हर्ट्झ हाताने बदलता येणारं. फोन ॲम्पच्या ऑक्स इनपुटला जोडा. फोनचा व्हॉल्यूम साधारण दोनतृतीयांश ठेवा. पूर्ण ठेवला तर काही फोनचा सूर स्वतःच फाटतो आणि तुम्ही नसलेल्या दोषामागे लागता. ॲम्पवरचे ड्राइव्ह, कंप्रेसर बंद, ईक्यू (टोनचे नॉब) मध्यावर. ट्वीटरचं, म्हणजे वरच्या सुरांच्या छोट्या स्पीकरचं, नॉब कॅबिनेटच्या मागे असेल तर ते शून्यावर; भणभण तेवढ्यानेच गेली तर दोष ट्वीटरमध्ये किंवा त्याच्या क्रॉसओव्हरमध्ये (वरचे-खालचे सूर वाटून देणाऱ्या सर्किटमध्ये) आहे आणि शोध बराच आटोपला.

बाकीचं साहित्य: डिजिटल मल्टिमीटर, स्पीकरच्या बोल्टला बसणारी ॲलन की किंवा स्क्रूड्रायव्हर, टॉर्च, मास्किंग टेप, १.५ व्होल्टचा सेल, उदबत्ती, आणि गवंडी लेव्हल काढायला वापरतात तसली पारदर्शक नळी हातभर. नळी हे स्वस्तातलं सगळ्यात कामाचं हत्यार. एक टोक कानाशी, दुसरं खोक्यावर फिरवायचं. मोकळ्या कानाला आवाज सगळीकडून येतो. नळीला तो जिथे आहे तिथूनच येतो. टोक कानात खुपसू नका, आवाज अचानक वाढू शकतो.

आवाज किती ठेवायचा? मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावून १०० हर्ट्झला स्पीकरच्या टोकांशी २.८ व्होल्टच्या आसपास येतील इतका. ८ ओहमच्या कॅबिनेटला हा सुमारे १ वॉट होतो, ४ ओहमला २ वॉट. ऐकायला भरपूर असतो. शोध इथूनच सुरू करा. काही दोष मोठ्या आवाजातच बोलतात, त्यांच्यासाठी हळूहळू वाढवा, पण सतत चालणारा साइन सूर गाण्यापेक्षा कॉइल फार लवकर तापवतो. मोठ्या आवाजात एका वेळी चार-पाच सेकंद, मग उसंत.

आता ५०० हर्ट्झपासून खाली सावकाश या. भणभण जिथे सुरू होते, जिथे सर्वांत मोठी होते आणि जिथे संपते ते तीन आकडे कागदावर लिहा. ४० च्या खाली गेल्यावर सांभाळून. खोक्याला पोर्ट, म्हणजे हवेचं भोक असेल, तर पोर्टच्या ठरलेल्या वारंवारतेखाली कोनला आतल्या हवेचा आधार राहत नाही आणि तो मोकाट हलतो. शिवाय एक सप्तक खाली तेवढाच आवाज द्यायला कोनला चौपट हलावं लागतं. ३० हर्ट्झला आवाज वाढवून चांगला स्पीकर ठोकून घेण्यात काही अर्थ नाही.

पायरी ३: बाहेरून दाबत जा

सूर भणभणीच्या शिखरावर लावून ठेवा आणि तळहाताने एकेक गोष्ट दाबा. दाबल्यावर आवाज थांबला किंवा बदलला की सापडलं. क्रम असा: जाळी, जाळीवरचा बिल्ला, हँडल, कोपरे, चाकं, जॅकची प्लेट, तळाचे पाय, मग फळ्या.

जाळीचं नुसतं दाबून समाधान मानू नका, काढूनच ठेवा. पत्र्याची जाळी मध्यभागी आत दबलेली असेल तर मोठ्या आवाजात कोनचं सराउंड, म्हणजे भोवतीची लवचीक कड, तिला टेकतं. जाळी बॅफलला, म्हणजे स्पीकर बसवलेल्या पुढच्या फळीला, जिथे टेकते तिथे मूळची फोमची पट्टी असते, ती दोन-चार वर्षांत भुगा होते. दारं-खिडक्यांना लावतात ती ३ मिलिमीटर जाडीची चिकट फोमपट्टी लावली की काम होतं. बिल्ल्यामागे डबल टेपचा तुकडा.

स्प्रिंगची हँडलं फार फसवी असतात. ती वर करून सोडून द्या, मग खाली धरून ठेवा, दोन्ही वेळा ऐका. स्प्रिंग मेलेली असेल तर हँडलच्या आत पातळ रबर चिकटवा. हँडलचे आणि कोपऱ्यांचे स्क्रू लाकडात फिरत राहत असतील, घट्टच होत नसतील, तर भोकात काडेपेटीच्या दोन-तीन काड्या फेविकॉल एसएचमध्ये बुडवून ठोका, वाळू द्या, जास्तीच्या छाटा आणि स्क्रू परत बसवा. जाड स्क्रू घुसवण्याचा मोह टाळा, पुढच्या वेळी तोही फिरेल.

जॅकची प्लेट विसरली जाते. जॅकचा बाहेरचा नट सैल होतो, तो नुसता फिरवून घट्ट केला तर आतला जॅकही फिरतो आणि वायर तुटते. प्लेट काढून जॅक आतून धरा, मग नट आवळा.

टेम्पोतून खड्ड्यांवरून फिरणाऱ्या कॅबिनेटच्या बाबतीत हे सगळं दर हंगामात एकदा करायला हवं. चाकं तर काढता येण्यासारखी असतील तर वाजवताना काढूनच ठेवावीत.

पायरी ४: हवा कुठून निसटते?

फुसफुस असेल तर ही पायरी, नसेल तर पुढे जा.

पोर्टमधून मोठ्या आवाजात थोडी फरफर येणं हा दोष नाही. अरुंद पोर्टमधून भरपूर हवा ढकलली की ती फरफरतेच. उपाय म्हणजे खालचा ईक्यू कमी करणं किंवा ॲम्पवरचा, अगदी खालचे सूर कापणारा हाय-पास फिल्टर ३०-३५ हर्ट्झला लावणं. पोर्टची प्लॅस्टिकची नळी बॅफलमध्ये डुगडुगते का तेवढं मात्र पाहा.

बंद खोक्यात, म्हणजे पोर्ट नसलेल्यात, कुठलीही गळती दोषच. ॲम्पेग कंपनीचं १९६९ पासूनचं एसव्हीटीचं ८×१०, म्हणजे दहा इंची आठ स्पीकरांचं कॅबिनेट, हे अशा बंद खोक्याचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण. आत चार कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात दोन स्पीकर. ॲम्प बंद असताना एका स्पीकरचा कोन दोन्ही हातांच्या बोटांनी, डस्ट कॅपच्या (कोनच्या मधल्या टोपीच्या) बाहेर सगळीकडून सारखा दाब देऊन, अलगद आत ढकला. त्याच कप्प्यातला दुसरा कोन बाहेर यायला हवा, आणि तुम्ही धरून ठेवलंत तोपर्यंत बऱ्यापैकी बाहेर राहायला हवा. लगेच परत गेला तर त्या कप्प्यात गळती आहे.

नेमकी जागा उदबत्तीने सापडते. पंखा बंद, जाळी काढलेली, ४० हर्ट्झचा सूर, आणि उदबत्ती सांध्यांपासून तीन-चार सेंटीमीटर लांब धरून सावकाश फिरवायची. धूर सरळ वर जात असतो तिथे अचानक थरथरू लागला की तीच फट. स्पीकरची कड, जॅकची प्लेट, हँडलची भोकं आणि मागच्या फळीचे सांधे या नेहमीच्या जागा. फोम आणि कापडाजवळ निखारा नेऊ नका, राख कोनवर पडू देऊ नका. फट आतून बुजवायची. सिलिकॉन वापरणार असाल तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको. त्यातल्या आम्लाने तांब्याच्या वायरी आणि जोड गंजतात. बिनआम्लाचं, न्यूट्रल लिहिलेलं घ्या.

पायरी ५: खोकं उघडणं

केबल काढा. कॅबिनेट पाठीवर आडवं करा. उभ्या कॅबिनेटचे बोल्ट काढले तर शेवटचा बोल्ट सुटताना स्पीकर पुढे कोसळतो, आणि फेराइट मॅग्नेटचा १२ इंची स्पीकर पाच-सात किलो सहज भरतो. बोल्ट समोरासमोरचे काढत जा. वायरी काढण्याआधी फोनवर फोटो घ्या. कुठली वायर कुठे होती हे आठवतं असं सगळ्यांनाच वाटतं.

आणखी एक सावधगिरी, तिच्याकडे दुर्लक्ष करून कित्येक कोन फाटलेत. मॅग्नेटजवळ लोखंडी स्क्रूड्रायव्हर नेला की तो हातातून झेपावतो आणि वाटेत कोन असतो. बोल्ट काढताना दुसऱ्या हाताचा तळवा कोन आणि स्क्रूड्रायव्हरच्या मध्ये ठेवा.

आत पाहायच्या गोष्टी: तळाशी पडलेला टी-नट (बोल्टसाठी लाकडात ठोकलेला नट) किंवा सोल्डरचा गोळा. कोनच्या मागच्या बाजूला किंवा फळीला टेकणारी वायर. ती फोममधून ओवून केबल टायने बांधा. सुटून स्पीकरच्या मागे लोंबणारा कापूस. क्रॉसओव्हरच्या पट्टीचे स्क्रू आणि तिच्यावरच्या तांब्याच्या कॉइली. कॉइलीला धरून ठेवणारा गोंद सुटला की ती पट्टीवर गुणगुणते. अशी कॉइल गोंदाने परत बसवा.

मग फळ्या आणि आडवे टेकू बोटाच्या पेराने ठोकत जा. घट्ट जोड भरीव वाजतो. सुटलेला जोड फुटक्या मडक्यासारखा बोलतो, आणि एकदा कानाला तो फरक कळला की चुकत नाही. सुटलेल्या सांध्यात फेविकॉल एसएच आत जाईल इतकं भरून, क्लॅम्पने आवळून २४ तास ठेवा. कोकणात आणि मुंबईत पावसाळाभर बंद खोलीत ठेवलेल्या कॅबिनेटची प्लायवूडची कड भुसभुशीत होऊन थर सुटतात. दोन थरांतली ती पोकळी भणभणते, वरून काहीच दिसत नाही. भुसा दाबून केलेल्या बोर्डाचं खोकं फुगलं असेल तर गोंदाने फार काळ धरत नाही. ती फळीच बदलावी लागते.

पायरी ६: स्पीकर

आता तो दोषी असू शकतो. ४×१० किंवा ८×१० असेल तर कोणता? नळीने अंदाज घ्या, मग संशयित स्पीकरची त्याच कॅबिनेटमधल्या दुसऱ्याशी अदलाबदल करा, वायरी मूळच्याच क्रमाने लावून. भणभण स्पीकरबरोबर गेली तर स्पीकर दोषी, जागेवरच राहिली तर खोकं. एकेक स्पीकर नुसता सोडवून पाहण्याची पद्धत टाळा. बऱ्याच ४×१० मध्ये चार स्पीकर सीरीज-पॅरललमध्ये जोडलेले असतात. एक सोडवला की ॲम्पवरचा भार बदलतो, दुसराही गप्प होतो आणि काहीच कळेनासं होतं.

मल्टिमीटरने ओहम मोजा. ८ ओहमचा धडधाकट स्पीकर मीटरवर साधारण ५.५ ते ७ दाखवतो, ४ ओहमचा ३ ते ३.५. काहीच दाखवत नसेल तर कॉइल किंवा तिची वायर तुटली. कोन अलगद हलवल्यावर आकडा उडत असेल तर कोनला जाणाऱ्या वेणीसारख्या लवचीक वायरी अर्धवट तुटल्यात. नुसतं बाहेरच्या जॅकवर मोजून खात्री करू नका. एसव्हीटीच्या ८×१० मध्ये ३२ ओहमचे आठ स्पीकर पॅरललमध्ये जोडून ४ ओहम होतात. त्यातला एक मेला तरी फरक जेमतेम अर्ध्या ओहमचा, नजरेतून सहज सुटणारा.

मग बोटांची परीक्षा. स्पीकर टेबलावर, तोंड वर. दोन्ही हातांची बोटं डस्ट कॅपभोवती सारखी पसरून कोन सरळ खाली दाबा आणि सोडा, कान जवळ ठेवून. निरोगी कोन मुका असतो. वाळू घासल्यासारखं लागलं तर कॉइल मॅग्नेटच्या फटीत घासतेय. एका बाजूने दाबाल तर चांगली कॉइलही घासेल, म्हणून दाब सारखाच हवा.

घासली म्हणजे संपलं असं नाही. बोल्ट वेडेवाकडे आवळल्याने पातळ पत्र्याची बास्केट, म्हणजे स्पीकरचा सांगाडा, पिळवटते आणि कॉइल मध्यातून सरकते. स्पीकर बाहेर काढल्यावर घासणं आपोआप थांबलं तर कारण हेच होतं. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या जड कोनचा स्पायडर, म्हणजे कॉइलला मध्यात धरणारी घडीची चकती, खाली झुकतो. स्पीकर १८० अंशांत फिरवून बसवला की पुष्कळदा काही वर्षं निघतात. फटीत लोखंडाचा कीस गेला असेल आणि डस्ट कॅप काढलेली असेल, तर मास्किंग टेपची चिकट बाजू बाहेर ठेवून पातळ पट्टी फटीत घालून कीस काढता येतो. याला चिकाटी लागते. उघडा स्पीकर कानसकाम किंवा ग्राइंडिंग चालतं अशा टेबलावर कधीच ठेवू नका. अर्धा तास वाजवल्यावरच घासायला लागणारी कॉइल ही वेगळी गोष्ट. ती तापून आकार बदलतेय, तिला रीकोनिंगच हवं.

घासत नसेल तर स्पीकर टेबलावरच १ ते २ व्होल्टवर चालवा, जास्त नको, कारण खोक्याशिवाय कोन फार हलतो. सूर फिरवत बोटाच्या टोकाने हलकेच स्पर्श करत जा: डस्ट कॅपची कड, सराउंड जिथे बास्केटला चिकटलंय ती कड, मागून स्पायडरची कड, कोन आणि त्या वेणीच्या वायरी. स्पर्शाने आवाज थांबला की तिथला गोंद सुटलाय. वेणीच्या वायरी कोनवर आपटत असतील तर त्यांना अलगद बाक द्या किंवा आपटण्याच्या जागी कोनला पातळ फोमचा ठिपका लावा. कापडी घडीच्या सराउंडला, जे बेसच्या स्पीकरला बहुधा असतं, केसाएवढी चीर असेल तर तीही फुसफुसते.

हलणाऱ्या भागांना फेविक्विक लावू नका. ते काचेसारखं कडक होतं, दोन आठवड्यांत तडकतं आणि तडकलेली कड पहिल्यापेक्षा मोठ्याने भणभणते. डस्ट कॅप आणि सराउंडच्या कडेला फेविकॉल एसआर ९९८ सारखा रबरी गोंद, काडीने, पातळ थरात. तो फटीत ओघळला तर कॉइल कायमची चिकटेल, म्हणून कमीच घ्या. एक रात्र वाळू द्या.

कॉइलचा आकार गेला असेल, स्पायडर फाटला असेल किंवा डस्ट कॅपखालून जळका वास येत असेल तर घरगुती उपाय थांबवा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत सुटे भाग शोधता येतात, पण रीकोनिंग देताना दोन गोष्टी ठामपणे सांगा: कॉइलचे ओहम तेच हवेत आणि कोनचं वजन मूळच्याच्या जवळ हवं. घरच्या स्पीकरचा हलका कोन बेसच्या स्पीकरला बसवून देतात. भणभण जाते आणि बरोबर बेसही जातो.

पायरी ७: परत बसवताना

स्पीकरच्या कडेखालची जुनी गॅस्केट खरवडून नवी फोमपट्टी लावा, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने, दोन्ही टोकं नीट जुळवून. सगळे बोल्ट आधी हाताने बसवा. मग समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. गॅस्केट दबून बसली की थांबा. ताकद लावून आवळणं हेच पुष्कळ नव्या भणभणींचं जन्मस्थान आहे: बास्केट पिळवटते किंवा टी-नट लाकडातून उपटून आत पडतो.

वायरींचं प्लस-मायनस सेलने तपासा. १.५ व्होल्टच्या सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला क्षणभर टेकवला की कोन बाहेर यायला हवा. जेबीएलच्या जुन्या स्पीकरांत तो उलट, आत जातो, म्हणून एकाच कॅबिनेटमधले सगळे सारख्याच दिशेला जातात ना ते महत्त्वाचं. एक उलटा लागला तर भणभण नसते, पण बेस पोकळ होतो आणि कारण कळत नाही. ही चाचणी ट्वीटरवर करू नका.

आता तोच सूर, कागदावर लिहिलेल्या त्याच तीन आकड्यांतून, त्याच २.८ व्होल्टवर. जाळी न लावता एकदा, जाळी लावून एकदा, हेड वर ठेवून एकदा. मग बेस जोडा आणि ई तारेवरचा जी वाजवा.